परदेशस्थ मित्रगृही अखेरचा मुक्काम करणाऱ्यांस काही सूचना

युरोपखंडातील राजवाडे, किल्ले आणि चित्रशाळा यांचा यथासांग फडशा पाडून, पायांच्या टाचा व खिशातील गंगाजळी सारख्याच झिजल्यावर, परतीच्या विमानापूर्वीचे चार दिवस लंडनच्या हॅरो किंवा वेम्बली या उपनगरांत एखाद्या जुन्या कॉलेजमित्राकडे काढावेत, अशी तजवीज पुष्कळ मराठी प्रवासी निघण्यापूर्वीच करून ठेवतात; परंतु त्या दिवसांत वर्तन कसे असावे यासंबंधी कोणत्याही यात्रा कंपनीचे परिपत्रक आमच्या पाहण्यात नसल्यामुळे, ती उणीव दूर करणे आम्हांस कर्तव्य वाटते.

प्रथम, यजमानाला स्थलदर्शनाच्या कामी जुंपू नये. 1759 साली जनतेला खुले झालेले आणि आजही प्रवेशशुल्क न घेणारे ब्रिटिश म्युझियम त्याने वीस वर्षांच्या वास्तव्यात बहुधा पाहिलेले नसते; फुकट आहे आणि कोठे पळून जात नाही, या दुहेरी कारणास्तव ते त्याने सेवानिवृत्तीनंतरच्या काळासाठी राखून ठेवलेले असते. याविषयी मुलांसमक्ष खुलासा मागणे हा विश्वासघात होय. या नियमाला अपवाद एकच. चॉक फार्म स्थानकापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर, किंग हेन्रीज रोडवरील 10 क्रमांकाचे जे घर महाराष्ट्र शासनाने 2015 साली खरेदी करून स्मारक म्हणून जतन केले, आणि जेथे 1921-22 च्या सुमारास विद्यार्थिदशेतील बाबासाहेब आंबेडकर राहत होते, तेथे मात्र मित्राला आग्रहाने न्यावे. इतके राजवाडे पाहून झाल्यावर एका विद्यार्थ्याचे बिऱ्हाड पाहणे अत्यंत आवश्यक आहे, असे आमचे मत आहे, आणि ते आम्ही विनोदाने दिलेले नाही.

आता गृहकृत्ये. कृतज्ञतेच्या भरात पाहुण्यास पिठले करण्याची जी अनावर प्रेरणा होते, ती तिसऱ्या दिवसापर्यंत तहकूब ठेवावी. आणि पुढे नाइलाजच झाला, तर मोहरी तडतडण्यापूर्वी स्वयंपाकघराची खिडकी उघडावी, जिन्याकडील दार लोटून घ्यावे आणि छतावरील धूरसूचक यंत्राखाली टॉवेल घेऊन एक विश्वासू मनुष्य उभा करावा. कारण त्या यंत्रास फोडणी आणि अग्निप्रलय यांतील भेद कळत नाही, आणि एकदा त्याने आक्रोश आरंभिला म्हणजे शेजारची वृद्धा पडद्याआडून जी दृष्टी टाकते, तिचे निरसन यजमानास पुढे कित्येक महिने करावे लागते. कचऱ्याच्या पेट्यांचे रंग नगरपालिकेगणिक बदलतात, तेव्हा पॅरिसमध्ये मिळवलेले ज्ञान येथे पाजळू नये, विचारावे.

‘‘अरे, अजून राहा ना चार दिवस’’ या वाक्याचा अर्थ लावण्यात भले भले चुकतात. पहिल्या दिवशी ते उच्चारले गेल्यास शिष्टाचाराच्या खात्यात जमा करावे. मित्राची पत्नी ते कपडे वाळत घालताना म्हणाली, तर आधी ते कपडे कोणाचे आहेत हे पाहावे. विमानाच्या आदल्या रात्री, बॅगा बांधून झाल्यावर उच्चारलेले तेच वाक्य मात्र निःशंकपणे खरे मानावे. त्या वेळी त्यात कसलाही धोका उरलेला नसतो.

सर्वांत बिकट प्रकरण सामानाचे. एका बोजास 23 किलोची मर्यादा सर्वसाधारणपणे असते, आणि आपला बोजा आकड्याच्या काट्यावर बरोबर तेवढाच भरला की मित्र आतल्या खोलीतून ‘‘आईला द्यायचं लहानसं पुडकं’’ घेऊन येतो. या पुडक्यात जीवनसत्त्वांच्या बाटल्या, चॉकलेटे, गुडघ्यांचे पट्टे, आणि आईस नव्हे पण मेव्हण्यास पोहोचवावयाची एक वस्तू असते, जिच्यासंबंधी भारतीय जकात खात्याने माणशी 2 लिटरपर्यंत औदार्य दाखविले आहे. नकार देऊ नये. आयफेल मनोऱ्याच्या ज्या धातूच्या प्रतिकृती आपण नातलगांसाठी घाऊक प्रमाणात घेतल्या असतील, त्या काढून मित्राच्या फडताळात निमूटपणे ठेवाव्यात. नातलगांचे त्यावाचून काही अडत नाही. म्हाताऱ्या आईचे पुडके अडकले, तर तिचा दूरध्वनी आपल्या घरी रोज सकाळी येतो.

पिकॅडिली लाइन 1977 पासून थेट हीथ्रो विमानतळापर्यंत जाते, ही माहिती मित्रास देऊन पाहावी. तो ऐकणार नाही, पहाटे चार वाजता स्वतःच मोटार काढील, आणि वाटेत दोघेही रस्त्यांच्या दुरुस्तीखेरीज कशावरही बोलणार नाहीत. तसेच चालू द्यावे. डिसेंबरात तो सहकुटुंब पुण्यास येणार आहे. दर्शनी खोली आतापासून रिकामी करावयास घ्या.