पुढची स्लाइड!

अमेरिकेतल्या वर्गांत हल्ली इतिहास घडत नाही, सरकतो. पडद्यावर वॉशिंग्टन होडीत उभे राहून डेलावेअर नदी ओलांडतात, साल १७७६. त्यांच्यामागचा तारे-पट्ट्यांचा झेंडा ठरला १७७७ मध्ये आणि चित्र रंगवलं गेलं १८५१ मध्ये, तेही जर्मनीत! पण पार्श्वसंगीत झकास असल्यावर शंका कोण काढणार? १८६१ ते १८६५ चं यादवी युद्ध, सहा लाखांहून अधिक मृत्यू : तीन ठिपके, एक नकाशा. गुलामगिरीची जवळजवळ अडीचशे वर्षं डावीकडून गिरक्या घेत येतात, उजवीकडे विरून जातात. लिंकननी गेटिसबर्गला दोन-तीन मिनिटांत भाषण आटोपलं. इथे तेवढा वेळ प्रोजेक्टर जागा व्हायलाच लागतो. शेवटी पडद्यावर उमटतं, ‘काही प्रश्न?’ तेवढ्यात घंटा होते. प्रश्नही इतिहासजमा!