झापाखाली तीन रात्री

‘माडांच्या सावलीत, मातीच्या कुशीत, चला आजीच्या काळात!’ अशी ती जाहिरात होती. बायकोने मोबाइल आईसमोर धरला. आईने चष्मा कपाळावर सरकवून ती दोनदा वाचली आणि म्हणाली, “आजीच्या काळात मुद्दाम कशाला जायचं? मी इथेच आहे की.”

पण आम्ही ऐकणाऱ्यातले नव्हतो. आईची पंच्याहत्तरी होती. तिचं माहेर मालवण तालुक्यातलं, आणि लग्न झाल्यावर ती जी डोंबिवलीला आली ती तिथलीच झाली. माहेरचं घर तिच्या काकांनी विकून टाकलं, विहीर बुजली, उरलं ते फक्त आईच्या बोलण्यात. तेव्हा तिला तिचं बालपण परत द्यायचं, आणि तेही मेच्या शेवटच्या आठवड्यात वीस टक्के सवलतीने, असा आमचा बेत होता. सवलत का आहे हे विचारावं असं दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही. मध्यमवर्गीय माणूस सवलतीला प्रश्न विचारत नाही.

रात्रीच्या तुतारीने निघालो. या गाडीला केशवसुतांच्या कवितेवरून २०१७ साली हे नाव मिळालं, त्याआधी ती राज्यराणी होती, ही माहिती मी पनवेलपर्यंत दोन्ही बायकांना दिली आणि दोघीही झोपल्या. सकाळी कुडाळला उतरून रिक्षाने रिसॉर्टवर पोचलो. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या माणसांनी माझं काही वाईट केलेलं नाही.

स्वागताला गुलाबी सरबत आलं. मी म्हटलं, “शहाळं नाही का?” चारी बाजूंना पन्नास-साठ माड उभे होते आणि प्रत्येकाला घोस लटकले होते. मॅनेजर वर बघून कसनुसा हसला. “सर, पाडेली नाही ना. महिना झाला सांगून, येतो येतो म्हणतो.” पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ काढणारा. एके काळी वाडीत चार-चार असायचे, आता पंचक्रोशीत एखादा आणि तोही मंत्र्यासारखा व्यस्त. त्यामुळे पन्नास माडांखाली बसून आम्ही बाटलीतलं सरबत प्यायलो. दोन माडांना एक झोपाळी बांधली होती आणि तिच्या डोक्यावरच पाटी होती : ‘नारळ पडण्याची शक्यता. झाडाखाली थांबू नये.’

खोल्यांना झाडांची नावं होती. आमची ‘सुरंगी’. सुरंगी फुलते तेव्हा गजरे बाजारात आले की आधी वास येतो, मग गजरेवाली दिसते. आमच्या सुरंगीत आधी ओल्या गोणपाटाचा वास आला आणि मग गोणपाट दिसलं. पायपुसणं होतं ते.

आईने आत शिरताच कामाला सुरुवात केली. सून बघायला आलेली बाई जशी पदर, नखं, दात एका नजरेत टिपते तशी तिने ती झोपडी टिपली. मग खाली बसली आणि जमिनीवर तळहात फिरवला. जमीन छान शेणाने सारवल्यासारखी हिरवट-तपकिरी होती, वर बोटांचे अर्धगोल फराटेही होते. मी फोटो काढणार तेवढ्यात आई म्हणाली, “सिमेंट आहे रे. वर रंग दिलाय.”

“पण ते फराटे?”

“ब्रशने काढलेत. सारवताना बाई मागे मागे सरकत दाराशी येते. इथे फराटे भिंतीकडे गेलेत. म्हणजे सारवणारीण भिंतीत गाडली गेली असणार.”

भिंतही कुडाची नव्हतीच. विटांवर मातीच्या रंगाचा गिलावा. यात वाईट एवढंच की खरी सारवलेली जमीन आणि खरा कूड मेच्या उकाड्यात गार असतात. हे सिमेंट दुपारी तीनला तव्यासारखं तापलं. मग वर बघून आई गप्प झाली. छप्पर मात्र अस्सल निघालं. खरोखरीचे, चुडतांचे विणलेले झाप. तिने मॅनेजरला हाक मारली.

“हे झाप कधी घातलेत?”

“गेल्या वर्षी, आजी.”

“आणि यंदाची शाकारणी?”

आतापर्यंत शुद्ध बोलणारा तो मुलगा एकदम घरच्या भाषेत उतरला. “आये, झाप इनणारी माणसां खय गावतत आता?”

झापांचं छप्पर एका पावसाचं सोबती. दर उन्हाळ्यात, मिरगाच्या आधी, ते नवं घालायचं असतं. आईने हे मला सांगितलं, वर आभाळाकडे पाहिलं आणि आपली बॅग कॉटखालून काढून कॉटवर ठेवली. मला तेव्हाच समजायला हवं होतं. त्या रिसॉर्टची एकंदर रीतच अशी होती, की जिथे अस्सल हवं तिथे नकली आणि जिथे नकली चाललं असतं, नव्हे सोन्याचं झालं असतं, तिथे नेमकं अस्सल. छपराखाली एक साधा पत्रा टाकला असता तर आजीच्या काळाचं काय बिघडलं असतं?

जेवायला मालवणी थाळी होती. तळलेल्या माशाचा तुकडा पांढरा, चौकोनी आणि कसलंच मत नसलेला. आईने चव घेतली आणि विचारलं, हा कोण? बासा, सर, असं उत्तर मला मिळालं. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, होड्या आधीच वर ओढल्यात, म्हणून मालवणात बसून आम्ही बर्फातला बासा खाल्ला. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्याही बंद झाल्या होत्या, त्या आता ऑगस्ट संपेपर्यंत. शिवाजी महाराजांनी १६६४ साली बांधायला घेतलेला किल्ला आम्ही किनाऱ्यावरून, भेळ खात पाहिला. सवलतीचं एकेक कारण असं उलगडत गेलं. प्रत्येक तक्रारीला मॅनेजरचं उत्तर मात्र एकच असे : “सर, तोच तर अनुभव आहे.” पंखा हळू? अनुभव. मच्छरदाणीला भोक? अनुभव. ते भोक एवढं होतं की डास आत येऊन जोडीदाराला बोलवायला परत बाहेर जात असावेत.

सोलकढीचा रंग स्ट्रॉबेरीच्या आइस्क्रीमसारखा होता. आई उठली आणि थेट स्वयंपाकघरात गेली. आचारी ओडिशाचा, वीस-बावीस वर्षांचा पोरगा. ओशाळून त्याने नारळाच्या दुधाचा पत्र्याचा डबा दाखवला. त्याच्याही गावाला समुद्र होता, माड होते, आईच्या हातचं खोबऱ्याचं जेवण होतं. त्याला सगळं येत होतं, फक्त नारळ नव्हते. आई आणि तो, दोघं खिडकीतून वरच्या घोसांकडे बघत बराच वेळ उभे होते.

पाडेली अखेर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला. वेळ मला नक्की आठवते, कारण मी तेव्हा आंघोळ करत होतो.

न्हाणीघराला छप्पर नव्हतं. त्याला ‘आकाशस्नान’ म्हणतात असं कळलं. चार भिंती, एक पितळी घंगाळ, वर निळं आभाळ. पहिल्या तांब्याला मला स्वतःचं कौतुकही वाटलं. डोंबिवलीत आपण काय जगतो! डोक्याला साबण लावला, डोळे मिटले, आणि वरून, अगदी देवाने बोलावं इतक्या वरून, आवाज आला :

“पावण्यांनु, वायच बाजूक सरा. नारळ पाडतंय.”

एका डोळ्याने पाहिलं. कमरेला कोयता लावलेला गृहस्थ माडाच्या शेंड्यावर निवांत बसला होता. बाजूक म्हणजे कुठे, चार बाय चारच्या खोलीत? मी कोपऱ्यात घंगाळ डोक्यावर घेऊन उभा राहिलो. धप्प, धप्प असे नारळ भिंतीपलीकडे पडत होते. मधे थांबून त्याने माणुसकीने विचारपूसही केली, मुंबईसून इलास काय, पाऊस थय इलो काय. घंगाळाखालून मी सगळी उत्तरं दिली. लपवण्यासारखं आता काही उरलंच नव्हतं. दुपारची सोलकढी मात्र खरी झाली. आईने स्वतः गाळली, आचाऱ्याने चार वाट्या प्यायल्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वारा पडला, पान हलेना. रात्री नऊला लाइट गेली आणि साडेनऊला वळीव आला. पहिला थेंब बायकोच्या उशीवर, दुसरा माझ्या कानात. मग थेंबांनी मोजायची सोय ठेवली नाही. आम्ही कॉट इकडून तिकडे ओढत होतो आणि गळती आमच्या मागे मागे येत होती. आई कधीच छत्री उघडून, मांडीवर बॅग घेऊन खुर्चीत बसली होती, एसटीची वाट बघत असल्यासारखी.

काजूच्या झाडांमागे मात्र उजेड होता. तिकडे मालकाचं घर. दुमजली, स्लॅबचं, निळ्या काचांचं, इन्व्हर्टरवर लखलखणारं. दार मालकाच्या म्हाताऱ्या आईने उघडलं. आम्हा दोघांकडे तिने पाहिलंच नाही. आईला नखशिखांत न्याहाळून म्हणाली, “तू खयची गे?”

आईने गाव सांगितलं, वाडी सांगितली, आणि पन्नास वर्षांची डोंबिवली पाच मिनिटांत वाहून गेली. दोघींना एक समान मावशी सापडली, बहुधा वारलेली. गरम पेज आली, सोबत लोणच्याची फोड आणि सुक्या बांगड्याचा भाजलेला तुकडा. तीन दिवसांतलं पहिलं जेवण. मी सहज म्हातारीला विचारलं, तुम्ही कधी त्या झोपडीत राहायला जाता का?

“माझा लगीन झाला तेवा हय तसलाच घर होता,” म्हातारी म्हणाली. “पावसात रातभर टोपां मांडून बसाचा. झील कमावता झालो तशी पयली ती झोपडी मोडून टाकली. आता तोच झील थय नवी बांधता.” आणि मग माझ्याकडे नीट बघून, खऱ्या काळजीने, “तुमका कित्याक व्हयी ती?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वरच्या खोलीत एसी होता. असे झोपलो की सकाळी आईने हलवून उठवलं.

निघताना मॅनेजरने बिल आणलं. सुरंगी, दोन रात्री, साडेपाच हजारांप्रमाणे. तिसऱ्या रात्रीचे सहा हजार.

“हे पाचशे जास्त कसले?”

“सर, कालची रात्र वरच्या घरात झाली ना. तो होमस्टे. त्याचा रेट वेगळा आहे.”

मी तोंड उघडलं. गळणारं छप्पर, आंघोळीचा पाडेली, बासा, सगळं जिभेवर होतं. पण आईने माझ्या हातून बिल घेतलं, चष्मा कपाळावर सरकवून शेवटची ओळ वाचली, आपल्या बटव्यातून पाचशेची नोट काढली आणि मॅनेजरच्या हातावर ठेवली.

“हे माझ्याकडून,” ती मला म्हणाली. “तेवढेच वसूल झालेत.”