जागा शिल्लक नाही

युनिक्समध्ये जागेचा हिशेब ठेवायला दोन कारकून आहेत: डीएफ आणि डीयू. पहिला वहीत बघून सांगतो, डिस्क १०० टक्के भरली. दुसरा दारोदार फिरून मोजतो आणि म्हणतो, निम्मी रिकामी आहे. दोघंही खरं बोलतात, हीच तर पंचाईत. लॉगची फाइल तुम्ही पुसली, म्हणजे दारावरची पाटी तेवढी काढली. एखादा प्रोग्राम ती उघडून बसला असेल, तर भाडेकरू आतच! तो उठेपर्यंत एक बाइटही सुटत नाही. मग 'एलसॉफ'ला पाठवून त्याला हुडकायचं, आणि आपणच त्याच्या हातापाया पडायचं.

लिनक्सची ईएक्सटी४ फाइलसिस्टीम त्याहून वरताण. डिस्क फॉरमॅट करतानाच ५ टक्के जागा रूटसाहेबांच्या नावे राखीव. १ टेराबाइटमागे ५० जीबी! अडीअडचणीला साहेबांना हातपाय हलवता यावेत म्हणून, असा खुलासा आहे. (कोटा बदलता येतो, अर्थात साहेबांच्याच सहीने.)

आणि कधी जागा असते भरपूर, पण फाइलींची नोंद ठेवणारे आयनोड संपलेले. गोदाम ओसाड, पावतीपुस्तक संपलं. खिडकीवर उत्तर मात्र तेच: जागा शिल्लक नाही.