माझ्या गालातले निळू फुले

निळूभाऊंची सर्वांत चांगली भूमिका कोणती, हा प्रश्न गडचांदुरात माझ्याशिवाय सुटत नाही, असा माझा तीस वर्षं समज होता. मला तो कोणी विचारत नसे, ही गोष्ट वेगळी. चहाच्या ठेल्यावर गप्पा सोयाबीनच्या भावाच्या चालायच्या. मी दोन घोट घेऊन म्हणायचो, "भाव पाडणारे पाहिले का मले 'सामना'तला हिंदुराव आठवते." झालं. पुढची वीस मिनिटं माझी. ठेलेवाला तेवढ्यात गिलास विसळून घ्यायचा.

हा अधिकार मला दिला कोणी? माझ्या आवाजाने. मी निळू फुल्यांची नक्कल करतो. पेन्शन मिळायच्या आधीपासून करतो आणि बंद कर असं मला तोंडावर फक्त घरातली माणसं म्हणाली आहेत. खरं सांगायचं तर तो आवाज माझा नाही, खर्र्याचा आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ज्याच्या गालात खर्रा आहे तो प्रत्येक माणूस अर्धा निळू फुले असतो. पन्नीत घोटून घोटून मऊ केलेली सुपारी डाव्या गालात सारली की ओठ आपोआप लोंबतो, मान जरा मागे जाते (थुंकी सांडू नये म्हणून) आणि शब्द खर्जातूनच निघतात. लोक याला अभिनय म्हणतात. मीही म्हणू देतो.

अडचण फक्त वाड्याची. नकलाकाराला बाईला वाड्यावर बोलवावंच लागतं. पण आमच्याकडे वाडा आहे कुठे? ऊसही नाही, साखर कारखाना नाही, त्यामुळे चेअरमनही नाही. आमच्याकडे कापूस, सोयाबीन आणि सिमेंट. एक किल्ला आहे माणिकगड, जिवतीच्या डोंगरात. तिथे बोलवायचं तर घाट चढून वर पोचेपर्यंत बाई आणि पाटील दोघांचाही दम उखडायचा.

आता माझ्या एकुलत्या एक नाटकाबद्दल सांगतो. ज्यांनी ऐकलं असेल त्यांनी पुन्हा ऐकावं, ठेल्यावरचेही ऐकतात.

मामाचं गाव नागभीडकडे, म्हणजे अस्सल झाडीपट्टी. तिकडे धान घरात आलं की नाटकांचा हंगाम. वडशाच्या कंपन्या गावोगाव फिरतात, नाटक रात्री दहाला सुरू होतं आणि कोंबडा आरवला की संपतं. खाली तणीस, वर अंगभर घोंगडं, मध्ये झोपलेलं पोर. त्या वर्षी शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती होत्या आणि गावातल्याच मंडळाने नाटक बसवलं होतं. खलनायक पाटलाला ऐन दिवशी ताप भरला. मामा म्हणाला, "आमचा भाचा करते ना." मला विचारलंही नाही. विचारलं असतं तर मी निदान एकदा तरी नाही म्हणून दाखवलं असतं.

पहिल्या अंकात मी बरा होतो. प्रॉम्प्टर वाक्य सांगायचा, मी ते खर्जात बुडवून बाहेर काढायचो. दुसऱ्या अंकात नायिकेचा हात धरायचा होता. धरला. आणि तेवढ्यात गालातला सगळा रस घशात उतरला. उचकी लागली. प्रत्येक शब्दाला एक उचकी. माझी ती धमकी संपायला तीन मिनिटं लागली असतील. तबलेवाला हुशार, त्याने उचकीवर ठेका धरला. लोकांना वाटलं, पाटील दारू पिऊन आला आहे. शिट्ट्या पडल्या. आणि मग तो क्षण आला: पहिल्या रांगेतून एक म्हातारी उठली, "हाड मुडद्या!" म्हणाली आणि चप्पल भिरकावली. चप्पल माझ्या पायाशी पडली.

नटाला याहून मोठा पुरस्कार काय? निळूभाऊंना गावोगावच्या बायका शिव्या घालत, असं सांगतात. मी पहिल्याच प्रयोगात तिथे पोचलो होतो. ही गोष्ट मी लग्नात, बारशात, एकदा तर तेराव्यालाही सांगितली आहे.

माझं लग्न पुढे त्याच मामाच्या मुलीशी झालं. ती त्या रात्री तिसऱ्या रांगेत होती. तिने बावीस वर्षं काही म्हटलं नाही. मग एकदा, पाहुण्यांसमोर, पोह्यांवर तर्री घालता घालता म्हणाली, "तिथं कुत्रं आलतं जी. बुढीनं कुत्र्याले मारली."

असो. मुद्दा 'सामना'चा. मी त्याच्या बाजूने जे बोलायचो ते चूक नव्हतं. तेंडुलकरांनी लिहिलेला आणि जब्बार पटेलांनी केलेला हा सिनेमा १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला होता. हिंदुराव धोंडे पाटील रस्त्यावरच्या दारुड्या मास्तराला घरी आणतो आणि तोच मास्तर त्याला मारुती कांबळेबद्दल विचारत राहतो. श्रीराम लागूंचा मास्तर विचारतो आणि फुल्यांचा हिंदुराव आवाज चढवत नाही. आपल्याला बुडवणारा हाच, हे कळूनही त्याला त्या माणसाचीच ओढ लागते. यात ओठ लोंबवणं कमी आणि एकटेपण जास्त आहे. पण ठेल्यावर मी एकटेपण करून दाखवू शकत नव्हतो, म्हणून ओठ लोंबवायचो.

इतरांचीही मतं होती. एका जुन्या ड्रायव्हरसाठी १९६८ च्या 'एक गाव बारा भानगडी'तला झेलेअण्णा संपतच नाही. एक तरुण इंजिनिअर 'सारांश'मधला पुढारी म्हणतो. ज्यांना 'जैत रे जैत'मधला भगत आवडतो त्यांच्याशी मी वाद घालत नाही, ते बहुधा शिकलेले असतात.

दोन वर्षांपूर्वी एका शाळेच्या गॅदरिंगसाठी चौथीतला एक पोरगा माझ्याकडे शिकायला आला. मी त्याला सगळं दिलं: मान, ओठ, खर्ज. खर्र्याऐवजी गालात चिंचेचं बुटुक. रंगमंचावर त्याने नऊवारीतल्या एका वर्गमैत्रिणीला बोट वाकवून बोलावलं. सभागृह कोसळलं. मी पहिल्या रांगेत मान हलवत ते कौतुक स्वीकारत होतो. ती मुलगी मात्र दोन पावलं मागे सरकली, आणि तिला तसं कोणी शिकवलं नव्हतं. तिने शिक्षिकेकडे पाहिलं. शिक्षिका हसत होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला, सेवादलात वाढलेला, अंधश्रद्धेविरुद्ध गावोगाव हिंडलेला माणूस म्हणजे निळू फुले. त्याने तो पाटील लोकांना किळस यावी म्हणून उभा केला होता. किळस आम्ही गाळून टाकली आणि शिट्टी तेवढी ठेवली. गाळणाऱ्यांत मी पुढे होतो, तेही मानधन न घेता.

बायकोला म्हटलं, "तुले त्याचं कोणतं काम आवडते?" तीस वर्षांत हा प्रश्न मी तिला पहिल्यांदा विचारला.

"सिंहासन," ती म्हणाली. "त्यात तो ऐकते. सगडे मंत्री बोलत राह्यते, आन् तो गुपचूप ऐकते. मंग येडा होते."

१९७९ चा 'सिंहासन', अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा. अरुण सरनाईक मुख्यमंत्री, लागू अर्थमंत्री, सगळ्यांना खुर्ची हवी आणि सगळ्यांकडे वाक्यं. पत्रकार दिगू टिपणीस या सगळ्यांत फिरतो. मी मोबाईलवर पुन्हा पाहिला, या वेळी फक्त त्याचा चेहरा. समोरचा बोलत असताना ते डोळे काय काय साठवून घेतात! दुसऱ्यांचं इतकं ऐकलेला माणूस शेवटी रस्त्यावर हसत सुटतो, तेव्हा ते हसू ऐकवत नाही. यात नक्कल करण्यासारखं एकही वाक्य मला सापडलं नाही.

बायको बाजूला बसून पाहत होती. मध्येच मी काहीतरी समजावून सांगायला लागलो. तिने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी दोन मिनिटांपूर्वीच पडद्यावर पाहिली होती. मी गप्प बसलो.

तर माझा निकाल: दिगू टिपणीस. ठेल्यावर अजून 'सामना'च सांगतो, कारण तिथे गप्प बसून दाखवलं तर कोणी चहा पाजत नाही.