प्रॉक्सी ओनर: आढळ आणि सवयी

प्रॉक्सी प्रॉडक्ट ओनर हा सॉफ्टवेअर सेवा कंपन्यांत आढळणारा मध्यस्थ होय. काय बनवायचे आणि आधी काय बनवायचे हे ठरवणारा खरा प्रॉडक्ट ओनर न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये, ग्राहक कंपनीच्या नोकरीत असतो. बनवणारी टीम पुण्यात, हिंजवडीत असते. या दोहोंची गाठ शक्यतो पडू न देता दोहोंना एकमेकांची खबर देत राहणे, हे प्रॉक्सी ओनरचे कार्य. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा या भागांत तो विपुल आहे. स्त्री-पुरुष दोन्ही प्रकारांत आढळतो. पूर्वायुष्यात तो बहुधा टेस्टर किंवा बिझनेस अ‍ॅनालिस्ट असतो. हेडफोन कानावर नसेल तेव्हा गळ्यात असतो आणि रात्रीचे जेवण कॅमेरा बंद ठेवून होते.

त्याच्या उत्पत्तीचे मूळ फेब्रुवारी 2001 मध्ये सापडते. अमेरिकेतल्या यूटा राज्यात, स्नोबर्ड या बर्फावरच्या खेळांच्या ठिकाणी 17 जण जमले आणि त्यांनी सॉफ्टवेअर कसे बनवावे याचा अजाइल जाहीरनामा तयार केला. त्यात 4 मूल्ये आणि 12 तत्त्वे आहेत. धंदा जाणणाऱ्यांनी आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी रोज एकत्र काम करावे, हे त्यांतले एक तत्त्व. माहिती पोचवायला समोरासमोर बोलण्याइतका चांगला मार्ग नाही, हे दुसरे. सेवा कंपन्यांनी बाराही तत्त्वे भिंतीवर लावली. एकत्र बसायचे तेवढे राहिले, कारण एक बाजू समुद्रापलीकडे होती. ही रिकामी जागा प्रॉक्सी ओनरने भरून काढली. स्क्रम ही अजाइल कामाची एक रीत; तिच्या स्क्रम गाइडमध्ये असे पदच नाही. तेथे प्रॉडक्ट ओनर हा एकच माणूस असतो, समिती नव्हे, आणि त्याचा निर्णय सगळ्यांनी मानायचा असतो. प्रॉक्सीकडे निर्णय सोडून बाकी सगळे असते: जबाबदारी, एक्सेल शीट आणि ‘उद्यापर्यंत कळवतो’ हे वाक्य.

त्याचा दिवस दोन घड्याळांवर चालतो. न्यूयॉर्क उन्हाळ्यात पुण्याच्या साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. अमेरिकेतली घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे सरकतात, ब्रिटनमधली त्याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी. मधल्या काळात कोणता कॉल किती वाजता, हे संपूर्ण प्रोजेक्टमध्ये फक्त प्रॉक्सी ओनरला ठाऊक असते. हे ज्ञान अस्सल आहे. त्याच्या उरलेल्या ज्ञानाबद्दल असे ठामपणे म्हणता येत नाही.

प्रॉक्सी ओनर खोटे बोलत नाही. निरोप मऊ करतो. काम स्प्रिंट नावाच्या छोट्या, ठरलेल्या मुदतींत चालते. डेव्हलपर म्हणतो, ‘हे या स्प्रिंटमध्ये होणार नाही.’ प्रॉक्सी ग्राहकाला लिहितो, ‘काही अडचणी आहेत, पण टीम मागे लागली आहे.’ ग्राहक हे वाचून आपल्या साहेबांना सांगतो, की काम वेळेवर आहे. उलट दिशेनेही तीच कृपा होते. ग्राहक त्रासून लिहितो, की हा स्क्रीन कोणाच्या उपयोगाचा आहे हेच त्याला कळत नाही. टीमपर्यंत पोचते, ‘स्क्रीनवर थोडा फीडबॅक आहे, छोटेच बदल आहेत.’ दोन्हीकडे शांतता नांदते. एस्कलेशन, म्हणजे वरच्या साहेबांपर्यंत गेलेली तक्रार, येते तेव्हा दोन्ही बाजू सारख्याच चकित होतात.

निरोप प्रवासात कसा बदलतो, हे एका कल्पित पण नेहमीच्या उदाहरणावरून पाहता येईल. न्यू जर्सीतल्या एका विमा कंपनीत क्लेम विभागातल्या बाईंना दर शुक्रवारी रखडलेल्या क्लेमची यादी साहेबांपुढे ठेवायची असते. त्या सहज म्हणतात, यादी एक्सेलमध्ये मिळाली तर बरे होईल. साहेब हे प्रॉडक्ट ओनरला सांगतात, ओनर प्रॉक्सीला सांगतो आणि जिरा या कामे नोंदवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टोरी, म्हणजे कामाची नोंद, उमटते: ‘क्लेम अधिकारी म्हणून मला डेटा एक्सेलमध्ये एक्स्पोर्ट करायचा आहे, जेणेकरून मला डेटा एक्सेलमध्ये मिळेल.’ साचा बिनचूक भरलेला असतो. टीममधली एखादी नवी मुलगी विचारते, ‘सर, पण ही यादी घेऊन त्या करतात काय?’ संपूर्ण प्रोजेक्टमधला हा सर्वांत मोलाचा प्रश्न. प्रॉक्सी ओनर तो प्रेमाने परतवतो: ‘आत्ता नको विचारूया. आपल्याला डोमेन कळत नाही असं वाटेल त्यांना.’ कोणते कॉलम हवेत, यावर ‘सगळेच देऊन टाका’ असे उत्तर मिळते.

तीन आठवड्यांनी बटण तयार होते. दाबले की कंपनीच्या स्थापनेपासूनचे सगळे क्लेम उतरतात. अमेरिकेत महिना आधी लिहितात हे कोणाला आठवलेले नसते, त्यामुळे 4 मार्चचे क्लेम 3 एप्रिलला जाऊन बसलेले असतात. बाई ती फाइल छापतात आणि 30 दिवसांहून जुन्या क्लेमवर पिवळ्या पेनने खुणा करतात. त्यांना स्क्रीनवर एक फिल्टर हवा होता. तो लावायला दुपार पुरली असती.

अंदाजांच्या बाबतीत त्याची पंचाईत वेगळी. स्टोरी पॉइंट हे एका कामाची दुसऱ्याशी तुलना करण्याचे साधन. 1, 2, 3, 5, 8, 13 असे आकडे वापरतात. या आकड्यांना दिवस चिकटलेले नसतात. ग्राहक विचारतो, 13 म्हणजे किती दिवस? येथे तीस सेकंद बोलून हा फरक समजावता आला असता. प्रॉक्सी मात्र मनात दिवस मोजून एक तारीख सांगून टाकतो. ती तारीख टीमला कळते तेव्हा ती ग्राहकाच्या कॅलेंडरमध्ये लागलेली असते.

स्प्रिंट रिव्ह्यू, म्हणजे स्प्रिंटच्या शेवटी झालेले काम ग्राहकासोबत पाहण्याची बैठक, हा त्याचा सण. स्क्रम गाइडच्या 2020 च्या आवृत्तीनुसार ही काम करण्याची बैठक आहे, तिचे नुसते सादरीकरण होऊ देऊ नये. प्रॉक्सी तिला डेमो म्हणतो आणि आदल्या दिवशी तिची रंगीत तालीम घेतो. टीमला सूचना असते, की म्यूटवर राहा आणि विचारले तरच बोला. मग कांदेपोह्याच्या कार्यक्रमात जसे पढवलेले प्रश्न आणि पढवलेली उत्तरे असतात, तसे तो ठरलेल्या बटणांवर ठरलेल्या क्रमाने क्लिक करतो. पलीकडे कॅमेरे बंद. शेवटी कोणीतरी ‘छान’ म्हणते. हा अभिप्राय मिनिट्समध्ये ‘ग्राहक समाधानी’ असा नोंदवला जातो. दुरुस्त्यांची खरी यादी यूएटीत, म्हणजे ग्राहकाच्या माणसांनी स्वतः वापरून पाहिल्यावर येते.

आपल्या पद्धतीच्या समर्थनार्थ तो डुक्कर आणि कोंबडीची गोष्ट सांगतो. हॅम आणि अंड्यांच्या न्याहारीत कोंबडीचा सहभाग असतो, डुकराचा जीव जातो. म्हणून स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत, काम करणाऱ्या डुकरांनी बोलावे आणि बाहेरच्या कोंबड्यांनी गप्प बसावे. ही गोष्ट स्क्रम गाइडमधून 2011 सालीच काढून टाकली गेली. पैसे देणाऱ्याला कोंबडी म्हणण्यात शहाणपण नव्हते, हे उघडच आहे.

सुधारणेचे उपाय गूढ नाहीत. रिव्ह्यूमध्ये माउस ग्राहकाच्या हाती द्यावा आणि तो कोठे अडखळतो ते टीमने गप्प राहून पाहावे. ज्याने काम केले त्यानेच ते दाखवावे, इंग्रजी मोडकेतोडके असले तरी चालते. प्रश्नोत्तरे खासगी चॅटमध्ये न ठेवता त्या त्या स्टोरीखाली लिहावीत, म्हणजे महिन्याभराने ‘असं कोण म्हणालं होतं?’ यावर तासभर जात नाही. जे झाले नाही ते आधी सांगावे. प्रत्यक्ष वापरणाऱ्या बाईंना महिन्यातून एकदा तरी कॉलवर बोलवावे; त्यांना बोलायला सहसा आवडते, कोणी विचारलेले नसते एवढेच.

हे सगळे जमले तरी प्रॉक्सी ओनर निकामी होत नाही. निर्णयांची नोंद, घड्याळांचा हिशेब, दिवाळी आणि थँक्सगिव्हिंगच्या सुट्ट्यांचा मेळ, ग्राहकाच्या धंद्यातले बारकावे हे कोणाला तरी सांभाळावेच लागते आणि तो ते उत्तम सांभाळतो. मात्र त्याचे काम निम्म्यावर येते. आज ग्राहकाच्या बिलात त्याचे तास पूर्ण लागतात; काम घटले की तेही घटतील. म्हणून ही सुधारणा त्याच्या मॅनेजरकडून सुरू होईल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. ती ग्राहकालाच मागून घ्यावी लागते.