दलाली कशी द्यावी: दिंद्रुडहून पुण्यास जाणाऱ्यांसाठी सूचना

पुण्यात भाड्याची खोली घेण्यास निघालेल्या दिंद्रुड व पंचक्रोशीतील सर्व उमेदवारांस कळविण्यात येते की, खोली कशी मिळवावी हा या मार्गदर्शिकेचा विषय नाही. खोली दलाल मिळवतो. उमेदवाराचे काम दलाली देणे एवढेच असून, ती चेहरा न पाडता कशी द्यावी याच्या सूचना पुढे दिल्या आहेत. स्पर्धा परीक्षेची मुले, चाकणच्या कंपनीत लागलेले आयटीआयवाले, हिंजवडीतले नवे इंजिनिअर आणि त्यांना करून घालायला निघालेल्या आया, सर्वांना त्या सारख्याच लागू आहेत.

पूर्वतयारी म्हणून आधी गावाकडच्या सवयी मोडाव्यात. दिंद्रुडला बदलून आलेले गुरुजी किंवा पोलीस ठाण्यात नवे आलेले जमादार खोली कशी शोधतात? ते हॉटेलात जाऊन चहा सांगतात. चहा येईपर्यंत हॉटेलवाला, बाकावरचे दोन म्हातारे आणि उगाच उभा असलेला एक पोरगा मिळून गावातल्या सगळ्या रिकाम्या खोल्या मोजून देतात. कुठे बोअरला पाणी आहे, कुठला मालक भाडं मागायला पहाटे येतो आणि कुठल्या घरात सासू-सुनेचं पटत नाही, ही माहिती वर. मोबदला म्हणून गुरुजी चहाचे पैसे द्यायला जातात, तर तेही कुणी घेत नाही. "राहू द्या गुरुजी, आमच्या पोराचं गणित तेवढं बघा."

ही प्रथा पुण्यात सांगू नये. खोली कुठे रिकामी आहे ही बातमी तिथे एका महिन्याच्या भाड्याला विकली जाते, आणि ज्यांचे त्यावर पोट आहे त्यांच्या भावना दुखावतात.

आता प्रत्यक्ष शोध. एखाद्या फाटकावर 'वन बीएचके भाड्याने देणे आहे, दलाल क्षमस्व' अशी पाटी दिसली तर खालच्या नंबरवर फोन करावा. फोन दलाल उचलेल. उमेदवाराने आश्चर्य दाखवू नये. इंटरनेटवर 'थेट मालकाकडून' असे लिहिलेले असेल तिथेही हाच आवाज येतो, फक्त तो तुम्हाला 'सर' म्हणतो. यानंतर तोंडी परीक्षा सुरू होते. फॅमिली की बॅचलर? जॉब की स्टुडंट? नॉनव्हेज खाता का? गाव कुठलं? शेवटच्या प्रश्नाला "बीड" असे उत्तर दिल्यावर पलीकडे थोडा वेळ काही ऐकू येत नाही. वर्तमानपत्रांनी आपल्या जिल्ह्याला जी कीर्ती मिळवून दिली आहे तिचा हा मान समजावा आणि घाईने "माजलगावकडचा" असे म्हणावे. माजलगाव म्हणजे नेमके कुठे हे दलालाला ठाऊक नसते, त्यामुळे वेळ मिळतो.

सदाशिव पेठेत, नारायण पेठेत अभ्यास करणाऱ्यांनी खोलीचा हट्ट धरू नये. तिथे 'कॉट बेसिस' असते, म्हणजे भाडे खाटेचे. तीन बाय सहा फुटांच्या जागेचीही दलाली होऊ शकते, हे पाहून गावाकडे एकराने जमीन मोजणाऱ्या माणसाचे मन उदास होते. ते होऊ द्यावे.

जागा दाखवण्याचा विधी ठरलेला आहे. पहिली जागा अशी असते की तिथून परत गावी जावेसे वाटते. दुसरी छान असते, पण तिचे भाडे ऐकून वडिलांना फोन करण्याचे धाडस होत नाही. तिसरी दाखवताना दलाल दारातच थांबतो आणि हळू आवाजात म्हणतो, "दादा, मागे अजून दोन पार्ट्या आहेत. टोकन देऊन ठेवा." या दोन पार्ट्या आजवर कुणी पाहिलेल्या नाहीत. तरीही टोकन द्यावे. न दिल्यास संध्याकाळपर्यंत पार्ट्या चार होतात.

आता हिशेब. समजा भाडे १२ हजार, डिपॉझिट ४० हजार. महाराष्ट्रात अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क लागते ते एकूण भाडे आणि डिपॉझिटवरचे दहा टक्क्यांनी मानलेले व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के. म्हणजे इथे तीन-चारशे रुपये. शहरी हद्दीत नोंदणी फी एक हजार. एवढ्यात राज्य सरकार करार तपासते, दोघांचे अंगठे घेते आणि तो दप्तरात जपून ठेवते. दलाल कुलूप उघडतो, दिवा लावतो, "व्हेंटिलेशन बघा" म्हणतो आणि १२ हजार घेतो. अकरा महिन्यांमागे एक महिना म्हणजे शेकडा नऊ. हाच फ्लॅट कुणी विकत घेतला असता तर दलालाने बहुधा एक-दोन टक्क्यांवर समाधान मानले असते. ज्याच्याकडे फ्लॅट घेण्याइतके पैसे आहेत त्याला दर कमी, ज्याच्याकडे नाहीत त्याला जास्त, यात काही चूक आहे असे वाटल्यास उमेदवाराने तो विचार मुख्य परीक्षेच्या निबंधासाठी राखून ठेवावा.

परीक्षेवरून आठवले. घर विकणाऱ्या दलालाला २०१६ च्या रेरा कायद्यामुळे महारेराकडे नोंदणी करावी लागते, आणि २०२३ पासून प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते. भाड्याचा व्यवहार त्या कायद्याच्या व्याख्येत येत नाही. सबब, जो मुलगा पूर्व, मुख्य आणि मुलाखत अशा तीन पायऱ्यांसाठी खाट शोधत आहे, त्याला ती देणारा मनुष्य एकही परीक्षा न देता पदावर बसलेला असतो. याबद्दल मत्सर बाळगू नये. फार झाले तर तेही करिअर म्हणून नजरेसमोर ठेवावे.

करार अकराच महिन्यांचा का, असे विचारल्यास दलाल "तो कायदा आहे" असे सांगेल. मान डोलवावी. खरे म्हणजे एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्याने सक्तीची केली, म्हणून ती चुकवण्यासाठी लोकांनी महिना कापला. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा झाला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. (तोवर आपल्या मराठवाड्यात हैदराबाद राज्याचा १९५४ चा घरभाडे कायदा चालू होता, ते राज्य गेले तरी त्याचा कागद पंचेचाळीस वर्षे आपल्या घरात राहिला, तोही दलालाशिवाय.) या नव्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. म्हणजे पळवाट बुजली, अकरा महिने मात्र तसेच उरले. त्याच कलमात आणखी दोन मजेशीर गोष्टी आहेत. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि नोंदवलेला करारच नसेल, तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते खरे धरले जाईल, उलट सिद्ध होईपर्यंत. हे कलम दलालासमोर मोठ्याने वाचून दाखवू नये. तो अर्धा मिनिट गप्प बसेल आणि मग म्हणेल, "ॲग्रीमेंटचा खर्च पार्टीकडेच असतो, दादा." पार्टी म्हणजे तुम्ही.

इथे उमेदवाराच्या मनात एक प्रश्न येण्याचा संभव आहे: याला बोलावले कुणी? मालकाला भाडेकरू हवा होता, मालकाने नंबर दिला, मालकाने किल्ली दिली. मग पैसे मी का द्यायचे? हा प्रश्न शहरी मुलांना सहसा पडत नाही. दिंद्रुडच्या मुलाला पडतो, कारण त्याचे बालपण मध्यस्थांच्या संगतीत गेलेले असते. ऊसतोडीचा मुकादम त्याने पाहिलेला असतो. मुकादमाच्या नावाने बोटे मोडण्यासारखे पुष्कळ आहे, उचलीच्या हिशेबात टोळ्या कशा अडकतात हे गावाला सांगायची गरज नाही. पण त्याचे कमिशन निदान करारात तरी कारखान्याने द्यायचे असते, कारण माणसे कारखान्याला हवी असतात. अडतीचेही तेच. माल शेतकऱ्याचा, आणि तो विकून देण्याची अडत वर्षानुवर्षे कापली गेली ती शेतकऱ्याच्याच पट्टीतून. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाल्याची अडत खरेदीदाराकडून घ्यायची असे ठरवले, तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले. इतका राग येण्याजोगी रक्कम होती, हे त्या दिवशी शेतकऱ्याला अधिकृतपणे कळले.

ज्याचे काम त्याने दलाली द्यावी, हा न्याय जर्मनीने घराला लावला. १ जून २०१५ पासून तिथे दलाल ज्याने नेमला त्यानेच त्याचे पैसे द्यायचे. इंग्लंडने १ जून २०१९ पासून भाडेकरूकडून एजंटची फी घेण्यावर बंदी आणली. न्यूयॉर्क शहर ११ जून २०२५ ला त्या वाटेने गेले. तिन्ही ठिकाणी मुहूर्त जूनचा निघाला. आपल्याकडे जूनमध्ये कॉलेजचे प्रवेश सुरू होतात आणि पुण्यात दलालीचा हंगाम. तिथल्या एजंटांनीही "मग मालक भाडी वाढवतील" असे बजावले होते. तो धाक अगदीच पोकळ नाही. पण भाड्यात मिसळलेली रक्कम महिन्या-महिन्याने जाते आणि दुसरी जागा बघताना भाड्याशी भाडे ताडून पाहता येते. पहिल्याच दिवशी, डिपॉझिटच्या बरोबरीने, गावाकडे सोयाबीनची पट्टी अजून हातात आली नसताना मागितलेले १२ हजार कशाशीही ताडता येत नाहीत.

दलालाच्या बाजूने एक गोष्ट नोंदवणे न्यायाचे होईल. तो दहा जणांना जागा दाखवतो, नऊ जण "घरी विचारून सांगतो" म्हणून नाहीसे होतात, पेट्रोल त्याचे जळते. त्या नऊ जणांचा खर्च दहाव्याने भरायचा असतो. म्हणून उमेदवाराने दहावा होऊ नये, नववा व्हावे. हे कसे साधावे याची युक्ती मात्र कुणाला सापडलेली नाही, कारण रात्री झोपायला जागा लागते.

घासाघीस करायचीच असेल तर हातात रोख घेऊन आणि वडीलधाऱ्याला बरोबर नेऊन करावी. गावाकडच्या एखाद्या काकांना फक्त एवढेच बोलायला सांगावे: "लेकरू शिकायलंय, जरा बघा की." दलाल म्हणेल, "काका, माझ्या हातात असतं तर सोडलेच असते, पण यात आम्ही दोघं एजंट आहोत." दुसरा एजंट त्या दोन पार्ट्यांच्या शेजारी राहतो.

शेवटचा टप्पा दहाव्या महिन्यात येतो. "रिन्यूअल करायचंय, अर्धं भाडं लागेल" असा फोन येईल. या कामात जुन्या करारावरची तारीख बदलायची असते. उमेदवाराने विचारात पडलेला आवाज काढावा आणि मालकांशी थेट बोलता येईल का, असे विचारावे. उत्तर तयार असते: मालक अमेरिकेत असतात, ते कुणाचे फोन घेत नाहीत. ठीक आहे म्हणून फोन ठेवावा आणि कचऱ्याची पिशवी घेऊन लिफ्टने खाली निघावे. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबेल, बनियन घातलेले एक काका दुधाची पिशवी आणायला आत येतील, तुमच्याकडे बघून विचारतील, "पाचशे दोनमधले ना तुम्ही? माझाच फ्लॅट तो. त्या माणसाने मला सांगितलं, तुम्हाला कुणाशी बोललेलं आवडत नाही. रिन्यूअलचं म्हणून परवा माझ्याकडूनही अर्धं भाडं नेलं त्याने. तुमच्याकडून काही घेत नाही ना तो?"

लिफ्ट तळमजल्याला लागली तरी दार उघडू देऊ नये.