विनातक्रार बसलेलं सॉफ्टवेअर

पुण्यातल्या कचेरीत सर्व्हरवर नवं सॉफ्टवेअर बसवणं म्हणजे लग्नाची बोलणीच. पोर्ट बंद, फायरवॉल रुसलेली, ॲडमिनचा पासवर्ड ज्याला ठाऊक तो गावाला. दुपारी एक ते चार तर विचारूच नये.

चोरांना मात्र यातलं काहीच आडवं आलं नाही.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्याच कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेत मालवेअर घुसवून त्यांनी व्यवहाराची मागणी बँकेकडे नेणाऱ्या खऱ्या स्विचच्या जागी खोटा ‘प्रॉक्सी स्विच’ कामाला लावला. बनावट कार्डांची मागणी आली, की तो हसतमुखाने ‘मंजूर’ म्हणे! पैसे निघाले २८ देशांत. पुढे सोमवारी ‘स्विफ्ट’ या बँकांच्या संदेशयंत्रणेतून सुमारे १४ कोटी हाँगकाँगला रवाना. एकूण फटका ९४ कोटींचा.

मुहूर्तही नेमका: ११ ऑगस्ट, दुसरा शनिवार. बँकेला सुट्टी, प्रॉक्सी स्विच ड्युटीवर.